एक कोयता, दोन मजूर

ऊसतोडीच्या धंद्यात माणसं कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. 'यंदा माझ्याकडे चाळीस कोयते आहेत' असं मुकादम कारखान्याला सांगतो, तेव्हा त्याच्या टोळीत ऐंशी माणसं असतात, आणि त्यांच्या मागं पोरंबाळं. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. एकट्या बाईला मात्र टोळीत सहसा जागाच नसते. भाऊ, दीर नाहीतर हाताशी आलेला मुलगा जोडीला असेल तरच तिचा कोयता पुरा होतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, मजुरी टनावर ठरते आणि दोन्हींची नोंद मुकादमाच्या वहीत कारभाऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या नावावर पडते.

विषमतेवरच्या पुस्तकांत बहुधा गरिबीचं प्रकरण आधी येतं आणि स्त्रियांचं नंतर. वर्ग वेगळा, लिंगभाव वेगळा, अशी ती मांडणी असते. ऊसतोडीच्या फडात ही वाटणी टिकत नाही. जी बाई पहाटेपासून नवऱ्याच्या बरोबरीनं राबते, ती मजूर म्हणून कमी पैशांत राबते हे खरंच. पण मजूर म्हणून तिची नोंदही होत नाही. गरिबीनं दोघांच्या पदरात किती पडायचं ते ठरवलं. त्या तोकड्या मिळकतीची किंमत कुणाच्या शरीरानं मोजायची, ते तिच्या बाईपणानं ठरवलं. या प्रकरणात मी मुकादमाच्या वहीतल्या त्या एका ओळीपाशी थांबणार आहे, कारण आजच्या महाराष्ट्रातली विषमता इतकी उघडी दुसरीकडे क्वचित दिसते.

आधी हा धंदा उभा कसा राहिला ते थोडक्यात. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढच्या दोन-तीन दशकांत नगर, कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत कारखान्यांची रांग लागली. जिथं धरणाचं आणि कालव्याचं पाणी पोचलं तिथं ऊस आला. उसाबरोबर बँका, शाळा, दवाखाने, राजकारण आलं. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात पाणी पोचलं नाही. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या भागांतली हलकी, कोरडवाहू जमीन माणसाला वर्षातले चार महिनेही धड पोसत नाही. १९७२ च्या दुष्काळानं उरलीसुरली गुरं आणि धीर दोन्ही संपवले. तिथली माणसं ऊस तोडायला बाहेर पडली ती आजतागायत दर वर्षी पडतात. दसरा-दिवाळी झाली की गावं ओस पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा भरतात. काही टोळ्या सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे जातात. एकूण किती माणसं जातात याचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत आहेत. ज्या राज्यात उसाचं टिपरूनटिपरू वजनकाट्यावर मोजलं जातं, तिथं तोडणाऱ्यांची पक्की गणती नाही.

हे मजूर कोण? वंजारी, बंजारा, दलित आणि इतर भटक्या-मागास जातींतले अल्पभूधारक आणि भूमिहीन. जातीचा मुद्दा इथं ओझरता येतोय, पण तो लहान नाही. वर्ग आणि लिंगभाव ज्या जमिनीवर उभे आहेत ती जमीन जातीनं आखलेली आहे, एवढं वाचकानं सतत ध्यानात ठेवावं.

आता फडात येऊ. पहाटे तीन-साडेतीनला कोपीतली बाई उठते. कोपी म्हणजे बांबूच्या वाकवलेल्या कामट्या आणि वर ताडपत्री किंवा पाचट. आत शिरायचं ते वाकूनच. पाण्यासाठी कुणाच्या तरी मळ्यातली मोटार गाठायची, मोटार बंद असेल तर कालवा. चूल पेटवून दिवसभराच्या भाकरी थापायच्या, लहान लेकरू झोळीत, मोठं बोटाला धरून, आणि उजाडायच्या आत फडात हजर व्हायचं. गडी बुडख्यातून ऊस छाटत पुढं सरकतो. त्याच्या मागून बाई वाकून पाचट सोलते, शेंड्याचं वाढं तोडते, ऊस सारखे लावते आणि वाढ्याचाच बंद करून मोळी आवळते. एक मोळी तीस-चाळीस किलोची. पाचटाच्या पात्यांना करवतीसारखी धार असते, त्यामुळे हात, गाल, मान सगळं चिरत जातं. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट आणि डोक्याला फडकं बांधलेली बाई फडात दिसते ती त्यासाठीच.

मग गाडी भरणं. ट्रकच्या फाळक्याला अरुंद फळी टेकवलेली असते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि त्या फळीवरून वर चढायचं. गाडी पुरी भरेपर्यंत किती वेळा, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. पाळी असो, पाचवा-सहावा महिना असो, फळी तीच. ट्रक कधी येईल त्याचा नेम नसतो. रात्री दोनला आला तर रात्री दोनला भरायचा. दोघं मिळून दिवसाला दोन-सव्वादोन टन तोडतात, आणि काट्यावर पडणाऱ्या त्या वजनात तिचा वाटा अर्ध्याहून कमी नसतो.

कोपीवर परतल्यावर गडी अंग टाकतो किंवा बाजारात जातो. तिची दुसरी पाळी मात्र तेव्हा सुरू होते: पाणी, चूल, धुणं, पोरं, सकाळची तयारी. हे फक्त ऊसतोडीतलं दुखणं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामातला सरासरी वेळ दिवसाला २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८ मिनिटं. बंगल्यातली बाई असो की कोपीतली, घरकाम तिच्याच वाट्याला हे देशभर खरं आहे. फरक असा, की बंगल्यातली बाई त्यातली बरीच मिनिटं दुसऱ्या बाईला पैसे देऊन सोपवू शकते. कोपीतल्या बाईला ती सोपवायला फक्त तिची आठ-दहा वर्षांची मुलगी असते, आणि म्हणून शाळेच्या पटावरून त्या मुलीचं नाव हळूहळू पुसट होतं.

पैशांचा व्यवहार असा चालतो. हंगामाआधी, साधारण पावसाळ्यात, मुकादम उचल देतो. जोडीला पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. ती बहुधा येताक्षणीच संपते: जुनं कर्ज, मुलीचं लग्न, सासऱ्याचा दवाखाना, पेरणी. मग पाच-सहा महिने तोडणी करून ती फेडायची. हातात रोकड अशी येत नाहीच. वाढ्याच्या पेंढ्या चाऱ्यासाठी विकून सुटतात तेवढे रोजच्या मीठमिरचीचे. हंगाम संपला, पट्टा पडला, की हिशेब होतो. फिटली नसेल तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि ती जोडी पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाची. एखादा दिवस कामाला खंड पडला तर तो खाडा, आणि खाड्याचा दंड बहुतेक ठिकाणी पाचशे रुपयांपर्यंत जातो. जोडीतला एक आजारी पडला तरी खाडा जोडीचा, कारण एकट्यानं ना नीट तोड होते ना मोळी.

बाईनं उचलीच्या कागदावर सही केलेली नसते. किती घेतली, किती फिटली हे तिला नवरा सांगेल तेवढंच ठाऊक. पण नवरा मेला, पळून गेला किंवा दारूनं खंगला, की मुकादम वसुलीसाठी तिच्याच दारात येतो. पैसे आले तेव्हा ती मजूर नव्हती. फेडायची वेळ आली की तिच्याइतका पक्का कर्जदार दुसरा नाही. जानेवारी २०२४ मध्ये संघटनांच्या लढ्यानंतर लवादानं तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ दिली. ती मोठी कमाई होती आणि तिचं मोल कमी करायचं कारण नाही. पण कराराची भाषा टनाची होती. टनामागचे वाढीव पैसेही जोडीच्या, म्हणजे कारभाऱ्याच्याच नावावर जमा झाले.

आता शरीराची गोष्ट.

फडावर संडास नाही, न्हाणी नाही, आडोसा नाही. पाळीच्या दिवसांत बाई जुनं कापड वापरते, ते धुवायला पुरेसं पाणी नसतं, वाळत घालायला मोकळी जागा नसते, दिवसभर बदलायला सवड नसते. ओलसर कापड आणि दिवसभराचा घाम यांतून जंतुसंसर्ग होतो. बऱ्याच जणींची लग्नं पंधरा-सोळाव्या वर्षी झालेली, विशीच्या आत दोन बाळंतपणं, बाळंतपणानंतर विश्रांती जेमतेम. त्यात रोज चाळीस किलोची ओझी. मग अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, अंग बाहेर येणं सुरू होतं. पाच महिने ती ते अंगावर काढते, कारण दवाखाना म्हणजे खाडा. गावी परतल्यावर खासगी डॉक्टरकडे जाते. तिथं पुष्कळदा एकच उपाय सांगितला जातो: पिशवी काढून टाका. नाही काढली तर कॅन्सर होईल, अशी भीती घातली जाते. दोन-तीन लेकरं झालेली असतात, नसबंदी झालेली असते. 'आता तिचा काय उपयोग' असं घरचे म्हणतात आणि तीही म्हणते. पंचवीस-तीस हजारांचा खर्च पुढच्या उचलीतून निघतो. वय अनेकदा तिशीच्या आतबाहेर.

एप्रिल २०१९ मध्ये 'बिझनेसलाइन' या वृत्तपत्रानं बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांबद्दल लिहिलं आणि गदारोळ उठला. राज्य सरकारनं विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. तुलनेला म्हणून २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा पाहा: पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांत हे प्रमाण २.६ टक्के होतं, म्हणजे साधारण अडतीस जणींत एक.

या बातमीनंतर आपल्याकडे दोष वाटून देण्याचं काम जोरात झालं. कुणी म्हणालं डॉक्टर लोभी, कुणी म्हणालं मुकादम बायकांना पिशवी काढायला लावतात, कुणी बायकांच्या अडाणीपणावर बोट ठेवलं. डॉक्टरांचा लोभ खरा आहे आणि त्याला शिक्षा व्हायला हवी. मुकादमाचा धाक खरा आहे, पण त्याला बहुतेक वेळा तोंड उघडून काही सांगावंच लागत नाही. खाड्याचा दंड ते काम परस्पर करतो. अडाणीपणाचा आरोप मात्र मला साफ नामंजूर आहे. त्या बाईनं केलेला हिशेब तिच्या परिस्थितीत चोख असतो. दर महिन्याला पाळीचे तीन-चार दिवस, वर दुखण्याचे दिवस, प्रत्येक दिवसाला दंड, डोक्यावर उचल. पिशवी गेली की महिनाभराचा खंड आणि पुढं कायमची सुटका, असं तिला सांगितलेलं असतं. तिच्यापुढं दुसरा कुठला रस्ता ठेवला होता?

सुटका होत नाही, ते नंतर कळतं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील तर तिशीतच पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम चालून येतात. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात, कंबर आणि सांधे धरतात. तरी दसऱ्याला ती पुन्हा ट्रकमध्ये चढते, कारण शस्त्रक्रियेची उचल फेडायची असते. काम झेपावं म्हणून काढलेली पिशवी तिला काम झेपेनासं करते, आणि त्यासाठी झालेलं कर्ज तिला कामावरून उठू देत नाही. इतर राज्यांतून आलेल्या अशाच तक्रारींवर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला. बीडमध्ये त्याआधीच खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं सक्तीचं झालं होतं. हे दोन्ही निर्णय गरजेचेच. पण फक्त शस्त्रक्रिया थांबवली आणि फळी, खाडा, पाणी तसंच ठेवलं, तर बाईच्या वाट्याला पिशवी राहते आणि दुखणंही राहतं.

२.६ टक्के आणि सहात एक, या दोन आकड्यांमधल्या अंतराकडे थोडं निरखून पाहायला हवं. राज्यातल्या स्त्रियांची सरासरी काढली की ऊसतोडीतली बाई त्यात विरघळून जाते. ऊसतोड कामगारांची सरासरी काढली की ती कोयत्यात विरघळते. स्त्रियांच्या प्रश्नात ती कामगार म्हणून दिसत नाही आणि कामगारांच्या प्रश्नात स्त्री म्हणून दिसत नाही. अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये नेमकी हीच अडचण मांडली. त्यांच्यापुढं जनरल मोटर्स कंपनीविरुद्ध १९७६ मध्ये निकाली निघालेला एक खटला होता. कंपनीनं १९६४ पूर्वी काळ्या स्त्रियांना कामावर घेतलंच नव्हतं. मंदी आली, शेवटी आलेल्यांना आधी काढायचं ठरलं, आणि १९७० नंतर कामावर आलेल्या काळ्या स्त्रिया सगळ्या गेल्या. त्या न्यायालयात गेल्या तेव्हा उत्तर मिळालं की कंपनीत स्त्रिया आहेत, तेव्हा स्त्रियांवर अन्याय नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. वंशभेदाचा दावा काळ्या पुरुषांच्या दुसऱ्या खटल्याला जोडा, असं सांगण्यात आलं. काळी आणि स्त्री अशी दोन्ही मिळून जी अडवणूक होते तिला कायद्यात खानाच नव्हता. आपल्याकडे राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याचा प्रश्न लेखातून पुढं आणला आणि समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी त्यावर दीर्घ वाद घातला. तो वाद विद्यापीठांतला म्हणून बाजूला सारू नये. बीडच्या पाहणीत तोच आकड्यांनी समोर येतो.

बाई म्हणून सगळ्या बायकांचं दुःख एकच, हे वाक्य सभांमध्ये टाळ्या घेतं. साखरेच्या पट्ट्यात ते तपासून पाहू. सहकार कायद्यानं संचालक मंडळावर स्त्रियांसाठी दोन जागा राखीव ठेवल्या आहेत. त्यामुळे कारखान्याच्या सभागृहात बाई पोचली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तिथं बसायला सभासदत्व लागतं, सभासदत्वाला ऊस लागतो आणि उसाला जमीन. ऊस तोडणारी बाई त्या खुर्चीच्या आसपासही येत नाही. बागायतदाराच्या घरची बाई तरी मालक आहे का? २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशात वहिवाटदार म्हणून नोंदलेल्या स्त्रिया जेमतेम १४ टक्के. शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला स्त्रियांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि पुढं संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेतून बायकोच्या नावावर जमीन करायला शेतकऱ्यांना लावलं, ते या दुखण्यावर बोट ठेवूनच. सातबाऱ्यावर नाव नसलेली बागायतदारीण आणि मस्टरवर नाव नसलेली तोडकरीण, दोघी एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे उभ्या आहेत. दोघींनाही बाई म्हणून नोंदीबाहेर ठेवलं आहे. पण पलीकडची बाई आजारी पडली तर गाडी तिला पुण्या-कोल्हापूरला नेते, आणि अलीकडची आजारी पडली तर वहीत पाचशे रुपये चढतात. सारखेपण आणि फरक, दोन्ही एकदम सांगितल्याशिवाय खरं चित्र उमटत नाही.

बाळंतपणाचं उदाहरण याहून कठोर आहे. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये गिरण्या-कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला, देशात पहिल्यांदा. आदल्या वर्षी विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. आईला त्या काळात विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमातून मालकाला लाभ होतो तर त्यानं खर्चाचा वाटा उचलणं न्याय्य आहे, असा त्यांचा मुद्दा होता. २०१७ पासून संघटित क्षेत्रातल्या स्त्रीला सव्वीस आठवडे भरपगारी रजा मिळते. शहरातल्या बँकेतली, कंपनीतली बाई ती घेते, तो तिचा हक्क आहे आणि तो झगडून मिळवलेला आहे. त्याच वर्षी, त्याच राज्यात, कोपीत बाळंत झालेली बाई आठ-पंधरा दिवसांत फडात उतरते. कायद्याला मालक लागतो, आणि इथं मालक सापडत नाही. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो माझा व्यवहार तिच्या नवऱ्याशी. शंभर वर्षांपूर्वी गिरणीतल्या बाईला मिळालं ते तिला आजही नाही, कारण गिरणीच्या मस्टरवर त्या बाईचं नाव होतं.

मुलींचं काय होतं तेही याच हिशेबातून निघतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं, बीडमध्ये ४३.७ टक्के. परंपरा, हुंडा, अब्रूची भीती ही कारणं आहेतच. वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवून सहा महिने जायचं कसं, हा आईबापांचा रोकडा प्रश्न असतो. फडावर न्यावी तर उघड्या कोपीत तिचं राखण कोण करणार? लग्न करून दिलं की काळजी मिटते. आणि मुलाकडच्या बाजूनं पाहिलं तर अर्धा कोयता पुरा होतो, पुऱ्या कोयत्याची उचल मिळते. उचलीच्या पद्धतीनं लग्नाला असा बाजारभाव आणून ठेवला आहे. बालविवाह प्रतिबंधाच्या फलकांनी तो उतरत नाही. हंगामी वसतिगृहं जिथं नीट चालतात तिथं मुली गावात राहून शिकतात, हे मात्र अनुभवाचं आहे. आणि ही वसतिगृहं वेळेवर सुरू होणं, त्यांत मुलींसाठी बाई नेमणं, जेवण धड मिळणं, हे कुठल्याही भाषणापेक्षा जास्त मोलाचं आहे.

काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालं. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि सरकारकडून तेवढीच भर, अशी तरतूद झाली. ग्रामसेवकांमार्फत कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रं सुरू झाली. महिला किसान अधिकार मंचासारख्या जाळ्यांनी तोडकरणींना एकत्र आणून त्यांच्याच तोंडून प्रश्न मांडले. २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं या साखरेचा माग थेट बहुराष्ट्रीय शीतपेय कंपन्यांपर्यंत नेला, तेव्हा परदेशी ग्राहकांनाही उत्तरं मागावीशी वाटली. दुसरीकडे ऊसतोडणी यंत्रांना अनुदान मिळू लागलं आहे. यंत्र आलं म्हणजे फळी गेली, हे खरं. पण यंत्र घेणार तो भांडवल असलेला, चालवायला शिकणार तो बहुधा पुरुष. कोयत्यातून जी बाई आधी वगळली होती, ती यंत्रानं रिकामी झाली हेही मग कुणाच्या नोंदीत येणार नाही, आणि नुकसानभरपाईच्या यादीतही नाही.

म्हणून माझं म्हणणं सगळ्यांत आधी नावापाशी येऊन थांबतं. याला दाखलाही घरचाच आहे. महाराष्ट्रानं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. त्या कामांवर बाईचं नाव मस्टरवर वेगळं, अंगठा वेगळा, दर पुरुषाइतकाच आणि पगार तिच्या हातात. खडी फोडायला आणि माती वाहायला गेलेल्या लाखो बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पैसे त्या कामावर घेतले. पुढं देशाचा रोजगार हमी कायदा याच अनुभवावर उभा राहिला. ज्या राज्यानं दुष्काळी कामावर हे करून दाखवलं, त्याच राज्यात सहकाराच्या नावानं चालणाऱ्या कारखान्यांना ते जमत नाही, हे मी मानायला तयार नाही. टनामागचा दर तसाच ठेवूनही त्याची दोन नावांवर विभागणी होऊ शकते. उचलीच्या करारावर तिची सही, तिच्या खात्यात तिचा वाटा, तिच्या आजारपणाला खाडा नाही, बाळंतपणाला महामंडळाकडून रजेचा भत्ता, फडावर पाणी आणि आडोसा. नाव लिहिल्यानं गरिबी हटणार नाही. पण नाव नसेल तर यांतलं काहीही मागायला ती कुठल्या दाराशी उभी राहणार?

या पुस्तकाच्या वाचकांत कारखान्यांचे सभासद असतील, संचालक असतील, ऊस घालणारे शेतकरी असतील, ग्रामसेवक असतील. त्यांना माझी विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत एक ठराव मांडा: पुढच्या हंगामाची उचल वाटण्याआधी आपल्या कारखान्याच्या प्रत्येक करारावर, प्रत्येक कोयत्यामागे दोन नावं लिहिली जातील, आणि पैसे दोन खात्यांत जमा होतील. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो. त्यांतले एक तुम्ही व्हा.